पाटी नाही, अशी पाटी

महाडच्या माणसाला "काल पाऊस किती झाला हो?" असं विचारून पाहा. तो उत्तर देणार नाही. तो उलट विचारील, "कुठला?"

महाडात बसून महाडचा पाऊस विचारणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर कसल्या तरी पाहणीसाठी आलेला असतो. आम्हां मंडळींना स्वतःच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाची फारशी फिकीर नाही. त्याला छत्री आहे, पत्र्याची पडवी आहे. फिकीर असते ती 'वर' किती झाला याची. वर म्हणजे पोलादपुरात, आणि त्याच्याही वर म्हणजे महाबळेश्वरात. सावित्री उगम पावते तिथे, डोंगर उतरून येते पोलादपूरकडे, आणि मग आमच्या पेठेची खुशाली विचारायला येते. इथे तिला गांधारी भेटते. खाली खाडीला भरती असली की पुढची वाट तुंबते, आणि मग या दोघी मैत्रिणी पेठेतच मुक्काम ठोकतात. तेव्हा 'पाऊस' या शब्दाला आमच्याकडे एकट्याला काही अर्थ नाही. कुठला, ते आधी सांगा.

आणि कधीचा, तेही सांगा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला उजाडतो. आज साडेआठला मापकातलं पाणी मोजायचं आणि काल साडेआठपासून पडलेला सगळा पाऊस आजच्या तारखेवर टाकायचा, अशी त्यांची रीत. रीत चांगलीच आहे, माहीत असलेल्याला. २३ जुलै २०२१ या तारखेपुढे महाबळेश्वरचा आकडा आहे ५९४ मिलिमीटर. पण त्या दिवशी उजाडलं तेव्हा महाडची पेठ आधीच पाण्यात होती, आणि तळियेचा डोंगर आदल्याच दिवशी वस्तीवर आला होता. नुसती तारीख वाचणाऱ्याला वाटेल, आधी पूर आला आणि मग पाऊस पडला! आकडा खरा, तारीख खरी, आणि वाचणारा मात्र साफ फसलेला.

एवढं पुराण लावायचं कारण म्हणजे आमचा भाचा.

त्याचं असं झालं. गेली चाळीस वर्षं मी पावसाच्या वह्या ठेवतो आहे. महाड, पोलादपूर आणि महाबळेश्वर, एक जून ते तीस सप्टेंबर, रोजचा आकडा. काही वर्तमानपत्रातून उतरलेले, काही ओळखीच्यांना फोन करकरून मिळवलेले. कोणी तिकिटं जमवतात, कोणी मानपान जमवतात. मी पाऊस जमवला. आमच्या हिच्या मते या वह्यांचा उपयोग एकच : पूर आला की माळ्यावर आधी काय चढवायचं यावर भांडायला. २०२१ साली तिनं आधी तांदूळ चढवले आणि मी आधी वह्या चढवल्या. दोन्ही वाचलं. गाद्या गेल्या. त्या कोणी चढवायच्या हे ठरलंच नव्हतं.

तर हा भाचा पुण्यात संगणकाच्या कुठल्याशा कंपनीत आहे. दिवाळीला आला, वह्या पाहून खूश झाला आणि म्हणाला, "मामा, द्या इकडे. मी हे सगळं एक्सअरेत घालतो."

मला ऐकू आलं 'एक्सरे'. म्हटलं, "वह्यांना काय झालंय?"

माझी चूक अगदीच अडाणी नव्हती, हे मागाहून कळलं. स्टीफन हॉयर नावाच्या गृहस्थानं हे साधन हवामानाच्या आकड्यांचाच धंदा करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीत असताना तयार केलं. २०१४ साली ते सगळ्यांना फुकट खुलं झालं तेव्हा त्याचं नाव खरोखरच 'एक्सरे' होतं. २०१६ च्या जानेवारीत ते 'एक्सअरे' झालं. नावात 'अरे' आल्यामुळे मला ते एकदम घरातलं वाटायला लागलं.

आता हे 'अरे' प्रकरण काय आहे, ते मला समजलं तसं सांगतो. आकड्यांचं एक फडताळ आहे असं समजा. फडताळाला तीन फळ्या. एकेका गावाची एकेक. प्रत्येक फळीवर चाळीस वह्या, १९८४ पासून २०२३ पर्यंत, वर्षाला एक. प्रत्येक वहीत एकशेबावीस ओळी, दिवसाला एक. तीन गुणिले चाळीस गुणिले एकशेबावीस म्हणजे चौदा हजार सहाशे चाळीस खण, आणि प्रत्येक खणात एक आकडा. गाव, वर्ष आणि दिवस या झाल्या तीन मिती. साध्या फडताळात मापं तेवढी कळतात : ३, ४०, १२२. पण एक्सअरेची थोरवी अशी, की त्यात मितीला नाव देता येतं आणि प्रत्येक फळीवर, प्रत्येक वहीवर चिठ्ठी चिकटवता येते. 'दुसऱ्या फळीवरची अडतिसावी वही' असं बोटं मोजत न बसता सरळ 'पोलादपूर, २०२१' म्हणून हात घालता येतो. ज्यानं कोणी हे काढलं त्याच्या घरी नक्कीच एखादी शिस्तीची आजी असणार. डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी.

भाच्यानं तीन दिवस खपून सगळे आकडे आत घातले. चिठ्ठ्या चिकटवायला मात्र वेळ उरला नाही. फराळ उरला होता. चौथ्या दिवशी त्यानं पडद्यावर फडताळ दाखवलं. तिथे लिहिलं होतं : गाव : ०, १, २. वर्ष : ०, १, २, ३ असं करत ३९ पर्यंत. दिवस : ० ते १२१.

"ही काय भानगड?" मी विचारलं.

"गावं आहेत, मामा."

"कुठली?"

"शून्य, एक आणि दोन."

"यातलं महाड कुठलं?"

"बहुतेक शून्य."

बहुतेक! ज्या गावच्या तळ्याचं पाणी १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं, ज्याच्या उशाशी रायगड आहे, ते गाव शून्य. आणि तेही बहुतेक! मी संतापलो. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याला म्हटलं, "चिठ्ठ्या लावल्या नव्हत्यास, तर हे आकडे आले कुठून?"

"ते मी मुद्दाम घातले," तो समजूत घालण्याच्या सुरात म्हणाला. "नाही घातले तर ते एक्सअरे खाली एक ओळ छापतं, 'डायमेन्शन्स विदाउट कोऑर्डिनेट्स : गाव, वर्ष, दिवस'. चारचौघांत ते बरं दिसत नाही, मामा. काम अर्धवट टाकल्यासारखं वाटतं."

काम अर्धवट टाकलेलंच होतं, हा मुद्दा त्याच्या लक्षात आला नाही. माझं भांडण आहे ते इथे, या 'बरं दिसत नाही'शी. त्या इंग्रजी ओळीचा अर्थ असा, की 'या मिती आहेत, पण यांच्यावर खुणा लावलेल्या नाहीत.' मी आयुष्यभर कागदं वाचत आलो. इतका सरळ कबुलीजबाब मी कुठल्याही छापील कागदावर वाचलेला नाही. आणि हा दीडशहाणा तो झाकायला निघाला होता!

याहून मौज अशी, की ही चूक मुळात त्या साधनाचीच होती, आणि ती त्यानं स्वतः सुधारली. सुरुवातीच्या वर्षांत कोणी चिठ्ठ्या लावल्या नाहीत तर एक्सअरे आपण होऊन ०, १, २ अशा चिठ्ठ्या चिकटवून मोकळं व्हायचं. २०१७ च्या जानेवारीत ०.९ ही आवृत्ती निघाली, तेव्हा त्यांनी हा उद्योग बंद केला. चिठ्ठी नसेल तर नसू दे, पण नाही असं स्पष्ट छापायचं, असं ठरवलं. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी जे सोंग उतरवून ठेवलं ते आमच्या भाच्यानं माझ्या ओटीवर बसून पुन्हा चढवलं.

"पण मामा, त्यात बिघडलं काय?" असं त्यानं विचारलं, तेच तुम्हीही विचाराल. काय बिघडलं ते सांगतो.

पोलादपुरात माझा एक जुना स्नेही आहे. तोही पावसाच्या वह्या ठेवतो. त्याच्या वह्यांत गावं दोनच, पोलादपूर आणि महाबळेश्वर. महाडचा पाऊस तो मांडत नाही. म्हणतो, तो तुमचा तुम्ही बघा. बाकी वर्षं तीच, दिवस तेच. भाच्याच्या मनात आलं, दोघांच्या आकड्यांचा ताळा करावा. त्याच्या वह्यांचंही असंच फडताळ केलं, त्यावरही ०, १ घातले, आणि यंत्राला सांगितलं, मामांच्या आकड्यांतून त्यांचे आकडे वजा कर.

एक्सअरे चिठ्ठीशी चिठ्ठी जुळवून मगच वजाबाकी करतं. हा त्याचा गुण. त्यानं इमानेइतबारे शून्यातून शून्य वजा केलं : म्हणजे माझ्या महाडातून त्याचं पोलादपूर. एकातून एक वजा केला : म्हणजे माझ्या पोलादपुरातून त्याचं महाबळेश्वर. माझ्या 'दोन'ला तिकडे जोडीदार सापडला नाही, तेव्हा माझं महाबळेश्वर त्यानं मुकाट्यानं गाळून टाकलं. आणि एक नीटनेटका, स्वच्छ, सुबक तक्ता पुढे ठेवला. कुठे चूं नाही की चां नाही.

तक्ता पाहून भाचा खाकरला आणि म्हणाला, "मामा, राग मानू नका. पण तुम्ही पाऊस फारच कमी मांडलाय."

चाळीस वर्षं! माणसाच्या अब्रूचं काही आहे की नाही? मी तडक पोलादपूरला फोन लावला आणि स्नेह्याला म्हटलं, "अरे, तू पाऊस मोजतोस की वाढवतोस?" त्यावर तो जे बोलला ते विनोदी लेखांच्या पुस्तकातसुद्धा छापता येण्यासारखं नाही. तीन आठवडे आमचं बोलणं बंद होतं. चौथ्या आठवड्यात मीच तो तक्ता पुन्हा हातात घेतला, आणि माझ्या ध्यानात आलं, की यात गावं दोनच आहेत. मी तीन दिली होती. महाबळेश्वर गेलं कुठे? एवढा साडेचार हजार फुटांचा डोंगर असा हरवतो कसा?

उलट भाच्यानं आपली कारागिरी न दाखवता मिती बिनखुणेच्या ठेवल्या असत्या, तर यंत्र तिथल्या तिथे थांबलं असतं. इकडे तीन, तिकडे दोन, जुळवायला चिठ्ठी नाही. मी हे करणार नाही, असं म्हणालं असतं. खोट्या चिठ्ठीनं त्याचं तोंड बंद केलं.

मात्र न्यायाला धरून एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. स्नेह्याच्या वह्यांतही तीनच गावं असती, पण निराळ्या क्रमानं, तर बिनखुणेची फडताळं यंत्रानं पहिल्याशी पहिली, दुसऱ्याशी दुसरी अशी निमूटपणे जुळवली असती. मापं सारखी असली की ते अडत नाही. तिथे आपल्याला वाचवायला एकच गोष्ट उरते : पडद्यावरची ती ओळ. 'या मितींवर खुणा नाहीत.' ती वाचून माणूस दोन मिनिटं थांबतो, वही उघडतो, खात्री करून घेतो. म्हणूनच ती ओळ ठळक पाहिजे, शब्दांत पाहिजे, आणि दर वेळी पाहिजे.

या ०, १, २ मध्ये मला एक जुना ओळखीचा चेहरा दिसतो. तो म्हणजे 'अ. क्र.' अनुक्रमांक! आपल्याकडे कुठलाही तक्ता या रकान्याशिवाय जन्माला येत नाही. त्यात माहिती काडीची नसते, पण माहितीचा रुबाब पुरेपूर असतो. पुरानंतर एका कचेरीत नुकसानीची यादी लागली होती. माझा अ. क्र. चौदा. मी आठवडाभर अभिमानानं "आपला चौदा नंबर" म्हणून सांगत हिंडलो. पुढल्या आठवड्यात गेलो तर खिडकीतून सांगण्यात आलं, "चौदा नंबरचं काम झालं." माझं झालं नव्हतं. दुरुस्त यादी लागली होती, तिच्यात चौदावर दुसराच कोणी सद्‌गृहस्थ होता आणि मी एकतिसावर गेलो होतो. अनुक्रमांक हा नावासारखा दिसतो, पण तो नाव नव्हे. तो नुसता उभं राहण्याचा पाट आहे. पंगत बदलली की पाटावर दुसरा बसतो.

आता तुम्ही म्हणाल, आकडा काही तरी सांगतोच ना? सांगतो, पण कशापासून मोजला ते सांगितलं तर. पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या नद्यांच्या पातळ्यांचा तक्ता येतो. सावित्रीची धोक्याची पातळी साडेसहा मीटर. त्याच तक्त्यात कुंडलिकेपुढे जवळजवळ चोवीस आणि उल्हासपुढे जवळजवळ एकोणपन्नास. म्हणून काही उल्हास नदीत एकोणपन्नास मीटर खोल पाणी नसतं. मोजपट्टीचं शून्य ठिकठिकाणी निराळं असतं, इतकंच. आमच्या घरी आलेल्या एका पाहुण्यांनी तो तक्ता वाचून मला धीर दिला होता, "तुमची नदी त्या मानानं बरीच लहान दिसते!"

माझ्याविरुद्ध तीन मुद्दे मांडले जातात. त्यांचा निकाल लावतो.

पहिला मुद्दा : "आम्हांला माहीत असतं, कुठली फळी कुठल्या गावाची." माहीत असतं, आज. दिवाळीत घातलेलं शिमग्याला आठवत नाही. आमच्या हिनं दोन सारख्या डब्यांत पिठीसाखर आणि तांदळाची पिठी भरली होती, चिठ्ठी न लावता, 'मला माहीत आहे' म्हणून. त्या श्रावणातल्या मोदकांविषयी मी अधिक लिहू इच्छीत नाही. मला याच घरात राहायचं आहे.

दुसरा मुद्दा : "एवढी लांबलचक ओळ कशाला? नुसती एक आडवी रेघ मारा की." ही रेघ फार घातकी. माझ्याच जुन्या वह्यांत जागोजाग रेघा आहेत. जुलैतल्या एखाद्या दिवसापुढे रेघ म्हणजे काय? पाऊस झाला नाही? की झाला, पण आकडा मिळाला नाही? की फोनच बंद पडला होता? मीच मारलेल्या रेघा मला आज वाचता येत नाहीत. 'निरंक' आणि 'नोंद नाही' या दोन गोष्टींत अख्खी सावित्री वाहून जाते. रेघ नको. शब्द लिहा.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे : "प्रत्येक मितीला खुणा असल्याच पाहिजेत, हा कसला हट्ट?" तसा हट्ट माझा मुळीच नाही. फोटोतल्या ठिपक्यांच्या ओळींना कोणी बारशी घालत नाही. पहिली ओळ, दुसरी ओळ एवढंच पुरतं. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्यांना क्रम पुरतो. खूण नसणं हा गुन्हा नव्हे. नसलेली खूण आहे असं भासवणं हा गुन्हा. आणि ज्याला खूण नको आहे त्यानंसुद्धा 'इथे खूण नाही' एवढं सांगायला हरकत काय?

हा धडा मी संगणकाकडून शिकलेलो नाही. फार वर्षांपूर्वी एका खासगी गाडीनं तो मला शिकवला. महाडच्या नाक्यावर उभा होतो, महाबळेश्वरला जायचं होतं. आधी एक गाडी आली, तिच्यावर पाटीच नव्हती. आम्ही दहा जणांनी दहा वेळा विचारलं, "कुठं जाणार?" ती जात होती दापोलीला, सोडून दिली. मग दुसरी आली. काचेवर झोकदार अक्षरांत 'महाबळेश्वर'. कोणाला काही विचारलं नाही. खिडकी पकडली, पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. पोलादपूरला रस्ते फुटतात. एक आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढतो, दुसरा कशेडी घाटानं खेडकडे उतरतो. मला जाग आली ती हवेत गारवा का नाही म्हणून. गाडी खेडच्या नाक्यावर उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "काका, ती पाटी कालची."

तेव्हापासून माझं मत कायमचं झालं आहे. बिनपाटीच्या गाडीत माणूस विचारून चढतो. खोट्या पाटीच्या गाडीत तो बिनघोर झोपतो.

भाच्यानं शेवटी माझं ऐकलं. ०, १, २ पुसले. मितींना खऱ्या चिठ्ठ्या लावल्या. तारखांपुढे 'सकाळी साडेआठपर्यंत' असंही लिहिलं. पुन्हा वजाबाकी केली. माझ्यात आणि पोलादपूरकरात चाळीस वर्षांत फरक निघाला तो किरकोळ. बहुतेक जागी त्याचीच चूक आहे, पण आता बोलणं सुरू झालंय, म्हणून मी तो विषय काढत नाही.

राहता राहिली आमची भिंत. ओटीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या तीन रेघा आहेत. सगळ्यांत वरची २०२१ ची, तिच्याखाली २००५ ची. तिसरी, सर्वांत खालची, वडिलांनी काढलेली. तिच्यापुढे साल नाही. वडील होते तेव्हा विचारायचं राहून गेलं. त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. गेल्या उन्हाळ्यात रंगारी आला होता. तो रेघांवर पुन्हा रंग चढवताना म्हणाला, "काका, ही मोकळी दिसतीय. एक, दोन, तीन असे नंबर टाकू? बरं दिसंल."

मी त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि त्या रेघेपुढे माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं : 'साल माहीत नाही.'

येणारा-जाणारा ते वाचून हसतो. हसू दे. परवा मात्र शेजारच्या एक म्हाताऱ्या काकू ते वाचून थांबल्या, रेघेला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थांब, माझ्या थोरलीच्या वेळची असावी ही. ती कधीची, ते तिला विचारून सांगते."

तिथे मी 'तीन' लिहिलं असतं, तर त्या थांबल्या असत्या का?